शिरवलेला टीव्ही

आमच्या वऱ्हाडात कोणी विसर्जन करत नाही, शिरवतात. गणपती शिरवतात, गौर शिरवतात, नवरात्रातले घट शिरवतात, भुलाबाईची मातीची जोडी शिरवतात. पुण्याला शिकत होते तेव्हा एकदा खोलीतल्या मैत्रिणीला सहज म्हटलं, आज आमच्या घरी गणपती शिरवला असेल. तर ती म्हणाली, कुठं शिरला? मी तिला समजावत बसले नाही. असल्या प्रश्नांनी माझं डोकं तेव्हाही फिरायचं आणि आताही फिरतं.

शिरवणं समजायचं तर आमच्या विहिरीच्या काठावर पालथं पडून खाली पाहायला हवं. लहानपणी मी तेच करायचे. बाबा भुलाबाईला दोन्ही हातांनी पाण्यात सोडायचे. आधी तिचा रंग सुटायचा, मग नाकडोळे जायचे, मग नुसता मातीचा ढग उरायचा. तो ढग हळूहळू खाली जाताना पाहून मला गुंगी यायची आणि आई मागून फ्रॉक धरून ओढायची. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा नितळ. काल आपल्या कोनाड्यात बसलेली भुलाबाई आज पाण्यात आहे, उद्या तेच पाणी दांडानं, म्हणजे पाटानं, मेथीच्या वाफ्यात जाणार, हे मला कोणी शिकवलं नव्हतं पण पक्कं ठाऊक होतं. ताटात मेथी आली की आपण भुलाबाईच खातोय असं वाटायचं. भीती नाही वाटायची, बरं वाटायचं. कोणाला सांगितलं मात्र नाही.

आमचं गाव अमरावतीच्या पश्चिमेला, भातकुलीच्या बाजूचं. हा सगळा खारपाणपट्टा. जमीन काळी, भुसभुशीत, आणि खाली पाणी खारं. बोअर मारला की खारं, खोल मारला की आणखी खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पालकाच्या पानांच्या कडा करपतात. आमचा भाजीपाल्याचा धंदा उभा होता तो एका विहिरीवर. नाल्याच्या काठाला असलेली ही एक विहीर, देव जाणे कशी, गोड निघाली होती. सगळं गाव तिला गोडी विहीरच म्हणायचं.

आमच्याकडे पोरगी द्यायची तर आधी पाणी पाहतात. माझ्या आईच्या वडिलांनीही तेच केलं होतं. बाबांना पाहायला आले ते सरळ मळ्यात गेले, ओंजळभर पाणी प्यायले, पुन्हा एक ओंजळ प्यायले आणि तिथूनच होकार देऊन निघाले. मुलगा पाहायचा राहूनच गेला. बाबा आईला जन्मभर चिडवायचे की तू मला नाही केलं, विहिरीला केलं. आई म्हणायची, हो, मग? तिच्यात पाणी तरी आहे. तेव्हापासून घरात ती विहीर आईची. बाबा मोटर लावायच्या आधीसुद्धा, तिची विहीर लावतो, असं म्हणायचे.

टीव्ही घरात आला तो फुलकोबीच्या एका चांगल्या वर्षी. मागून ढेरपोट्या, लाकडी रंगाचा डब्बा टीव्ही. आईनं त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं. पहाटे बाबांबरोबर अमरावतीला भाजी घेऊन जायची, दुपारी परतायची, आणि मग टीव्हीसमोर बसून दुसऱ्या दिवसाच्या जुड्या बांधायची. मेथी, पालक, सांबार. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. तिचे हात आपोआप चालायचे आणि डोळे काचेवर. बातम्या संपताना निवेदिका नमस्कार म्हणायची, तर आई जुडी मांडीवर ठेवून तिला उलट नमस्कार करायची. आम्ही हसलो की म्हणायची, ती आपल्या घरात येऊन बोलते, तिला हातही जोडायचे नाहीत का?

टीव्ही बंद केला की काचेच्या मध्यभागी एक पांढरा ठिपका राहायचा. लहान लहान होत जायचा. तो पूर्ण विझेपर्यंत आई उठायची नाही. दुपारची वेळ, पंखा चालू, खोलीभर मेथीचा वास, आणि आम्ही सगळे त्या ठिपक्याकडे पाहत बसलेलो. त्या वर्षांतलं मला दुसरं फार आठवत नाही. एवढंच दिसतं, आणि ते पुरतं.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. विळे, फवारणीचा पंप, मोटर, तराजू, सगळं ओळीनं मांडायचं. आईनं पहिल्याच वर्षी टीव्हीलाही त्या ओळीत धरलं. त्याच्या माथ्यावर हळदीकुंकू, आपट्याचं पान. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणाला की टीव्ही काय अवजार आहे? तर आई म्हणाली, त्याच्यामुळं माझे हात चालतात.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. टीव्ही तिच्यानंतरही चालला. रंग फिके झाले, चेहरे हिरवट झाले, आणि एक दिवस सगळं चित्र आक्रसून आडवी रेघ तेवढी राहिली. बाबा त्या रेघेसमोर बसून आवाज ऐकायचे. मेकॅनिक आला, मागचं झाकण उघडून आत बॅटरी मारली आणि आता याचे पार्ट येत नाहीत म्हणाला. दादानं अमरावतीहून भिंतीवरचा नवा टीव्ही आणला. बाबा नको म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत.

नव्या टीव्हीबरोबर थर्माकोल आला बाप्पा, केवढा तरी! वहिनीनं त्यात मिरचीची रोपं लावून पाहिली, ती काही जगली नाहीत. मग त्याचे तुकडे वाऱ्यानं वावरभर झाले आणि शेजारच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, झाडांना जाऊन लटकले. दुरून पाहिलं तर बोंडं फुटल्यासारखं दिसायचं. सोबत एक पुस्तिकाही आली होती. टीव्ही भिंतीवर कसा टांगायचा याची चित्रं तिच्यात पान-पानभर. जुना कुठं न्यायचा याबद्दल एका कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्यावर फुली मारलेलं बारकं चित्र. इथं टाकू नका, एवढं कळलं. मग कुठं टाकू, ते त्यात कुठं सापडलं नाही. अरे, टांगायला एवढी पानं आणि निरोप द्यायला एक फुली?

भंगारवाला आला. तो म्हणाला मला तांबं पाहिजे, काच नको. इथंच फोडतो, तार काढून नेतो, काच तुमची तुम्ही पाहा. बाबांनी टीव्ही ओट्याच्या खाली उतरू दिला नाही. शेजारच्यांचा टीव्ही असाच लिंबाखाली फोडला गेला होता, आणि त्याची जाड काळपट काच कितीतरी महिने तिथं पडून होती. बकऱ्या तिच्यावरून उड्या मारून जायच्या. बाबांना तसलं काही आईच्या टीव्हीचं होऊ द्यायचं नव्हतं. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही. पुढं सगळं कळलं म्हणून मला हे मागचं सांगता येतं.

दसऱ्यानंतर मला बाबांचा फोन आला. मी लग्नापासून अकोल्याला, मोर्णा नदीपलीकडं जुन्या शहरात राहते. गल्ली इतकी अरुंद की समोरच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मीच मोजते. फोनवर बाबा इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी म्हणाले की टीव्ही शिरवला. मी हसले. आमच्याकडे मोडकी वस्तू घरातून घालवली की थट्टेनं शिरवली असंच म्हणतात. जुनी चप्पल शिरवतात, नापास झालेल्या पोराचं दप्तर शिरवतात. मला वाटलं, दिला असेल भंगारात. दादालाही तसंच वाटलं. वहिनीलाही.

सबंध हिवाळा गेला. त्या विहिरीच्या पाण्यावर पालक झाला, मेथी झाली, सांबार झाला. घरात सगळे तेच पाणी प्यायले. दिवाळीत मीही जाऊन पोटभर पिऊन आले, आणि परतताना नेहमीसारखी बाटली भरून आणली.

मग उन्हाळा आला, विहिरीचं पाणी खाली गेलं, आणि एका दुपारी वहिनीचा फोन आला. तिचा आवाज असा की झोपेतून बोलतेय. "ताई, इहिरीत टीव्ही दिसून राहिला." मी विचारलं, ऊन लागलं का तुला? तिनं फोटो पाठवला.

दुसऱ्या दिवशी मी गावी पोचले. घरात न शिरता आधी मळ्यात गेले आणि काठावर पालथी पडले, या वयात, साडी सावरत. खाली नितळ हिरवं पाणी आणि त्याच्या तळाशी टीव्ही. पाठीवर उताणा, काच वर. दुपारचं ऊन थेट आत उतरलेलं. त्या काचेत आभाळ होतं, आणि आभाळात एक घार फिरत होती. मासोळ्या काचेवरून इकडून तिकडं जात होत्या. मला उठवेना. इतकं सुंदर मी त्या टीव्हीवर कधी काही पाहिलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. मग वहिनी शेजारी येऊन उकिडवी बसली. तिनं हळूच विचारलं, हे पाणी आपण पितो, आपल्या पोरांना देतो, बाजारात लोकांना याच्यावरची भाजी देतो, काही होणार तर नाही ना? तेव्हा कुठं मी उठून बसले.

बाबांनी काय केलं होतं ते मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. घट शिरवायचे त्याच सकाळी दादा-वहिनी बाजाराला गेले होते. बाबांनी टीव्हीला हळदीकुंकू वाहिलं, ढकलगाडीवर घालून मळ्यात नेला, आणि नाड्याच्या जाड दोरानं हळूच विहिरीत सोडला. तो बुडेना. तोंड वर करून तरंगत राहिला, गोल गोल फिरत राहिला. बाबा काठावर बसून राहिले. शेवटी दांडातला एक चपटा गोटा त्याला बांधला, तेव्हा गेला. नदीला का नाही नेला? नदीत पाणी कुठं आहे, आणि आहे ते कसलं आहे? ज्याला मान द्यायचा त्याला गोड्या पाण्यात शिरवायचं, हेच त्यांना ठाऊक. पिढ्यान्‌पिढ्या तसंच केलं. ते सगळं मातीचं होतं, एवढाच काय तो फरक.

वहिनीनं त्याच दिवशी गावातल्या दुकानातून शुद्ध पाण्याचा जार आणवला. बाबा विचारत राहिले की आपली विहीर असताना जार कशाला? दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, तूच सांग, तुझं ऐकतात ते. आणि पाण्यात काही निघालं तर मी विहीर बुजवून टाकणार आहे. मी त्याच्यावर ओरडले. बुजवून टाकणार म्हणे! मळा काय खाऱ्या पाण्यावर करशील? तो म्हणाला, मग विष विकू?

मी म्हटलं, आधी पाणी तपासून घेते, मग बाबांशी बोलते. धुतलेल्या, उकळून वाळवलेल्या बाटलीत पाणी भरलं. दादानं मला दुचाकीवरून बडनेऱ्याला सोडलं आणि मी अकोल्याच्या गाडीत बसले. खिडकीची जागा मिळाली. बाटली मांडीवर धरली होती. ऊन तिच्यातून आरपार यायचं आणि माझ्या साडीवर उजेडाचा एक हलता तुकडा पडायचा. बाहेर नांगरून ठेवलेली काळी वावरं, मधूनच एखादं बाभळीचं झाड. किती वेळ मी त्या उजेडाकडेच पाहत राहिले. बाटलीत काहीच दिसत नव्हतं. काहीच दिसत नाही याचीच धास्ती वाटत होती.

डुलकी लागली. आई विहिरीच्या तळाशी बसली होती, पाण्यातच, पदर खोचून. समोर टीव्ही चालू. मांडीवर मेथीचा ढीग. ती जुडी बांधायची आणि सोडून द्यायची, आणि जुड्या एकामागून एक हिरव्या हिरव्या वर यायच्या. वर काठावर बाबा टोपलं घेऊन उभे. मी तिला हाका मारत होते की आई, वर ये, ते पाणी चांगलं नाही. ती काचेवरून नजर काढेना. एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि हातानं खूण केली की थांब, संपू दे. मूर्तिजापूरला चणेवाल्याच्या ओरडण्यानं जाग आली तर मी बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते. समोरच्या बाईनं विचारलं, गंगाजल आहे का? मी हो म्हटलं.

अकोल्यात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी बाटली घेतली आणि कशासाठी तपासायचं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांना हसू आवरेना, मग माझा चेहरा पाहून त्यांनीच ते आवरलं. म्हणाल्या, जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं, आतल्या सर्किटच्या पाटीवरच्या डाखातही असतं. काच शाबूत असेल तर लगेच काही उतरत नाही, पण पाण्यात वर्षानुवर्षं ठेवायची ती चीज नव्हे. निकाल काही येवो, तुम्ही तो आधी बाहेर काढा.

मी परत गेले. बाबा विहिरीजवळच्या बोरीखाली बसून सांबाराच्या जुड्या बांधत होते. आईसारख्या त्यांना जमत नाहीत, सैल होतात. मी शेजारी बसले आणि आडवळण न घेता सांगितलं की टीव्ही वर काढावा लागेल.

"काहून?" ते म्हणाले. "शिरवलेलं कोनी काढते काय?"

मी त्यांना सांगितलं की तो मातीचा नाही, तो विरघळणार नाही. आपण जन्मभर राहू आणि जाऊ, तो तसाच पडून राहील. त्याच्या काचेत शिसं असतं, आणि शिसं म्हणजे जहर. पाण्यात उतरलंय की नाही ते अजून ठाऊक नाही. मी फार भराभर बोलत होते. बोलता बोलता त्यांचे हात थांबलेले दिसले.

त्यांनी आधी विचारलं, पोट्टे पण पेले काय ते पाणी? मी हो म्हटलं, सगळेच प्यायलो. मग ते विहिरीकडे वळले.

"तिच्या इहिरीत म्या जहर टाकलं," ते म्हणाले.

मी नाही म्हणायला हवं होतं. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. भंगारवाल्यावर? त्या फुलीच्या चित्रावर? बाबांवर तर नाहीच. त्यांनी भुलाबाईला दिला तोच मान टीव्हीला दिला होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाबा रडले नाहीत. त्यांनी अर्धवट जुडी बांधून पूर्ण केली आणि दोर आणायला उठले.

बुडालेल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ प्रत्येक मळ्यात असतो. दादानं तो टाकून पाहिला, पण टीव्ही गोट्यासकट गाळात रुतला होता. शेवटी दादा कमरेला दोर बांधून उतरला, शेजारच्या मळ्यातल्या दोघांनी वरून धरलं. टीव्ही वर आला तेव्हा त्याच्या मागच्या जाळीतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. काच शाबूत होती, एक तडाही नव्हता. आतून एक बेडूक निघाला, काठावर बसला, आम्हाला पाहून पुन्हा विहिरीत उडी मारून गेला. त्याला कोणी सांगावं! वहिनी हसली आणि मग सगळेच हसले, बाबा सोडून.

मग विहीर उपसली. मोटर लावून सगळं पाणी झेंडूच्या तुकड्यात सोडलं, कारण झेंडू कोणी खात नाही. गाळ काढून बांधावर एका बाजूला टाकला. उपसलेली विहीर मी प्रथमच पाहिली. तळ इतका लहान होता. एवढ्याशा जागेवर आमचं सगळं चाललं होतं. कोरड्या उन्हाळ्यात झिरा परत फुटतो की नाही याची दादाला काळजी. बाबा दिवसभर काठावर बसून होते. सायंकाळच्या आधी खालच्या खडकातून ओल दिसली, मग बारीक धार लागली. दादानं मला हाक मारली. बाबांनी फक्त डोळे मिटले.

अमरावतीत जुन्या विजेच्या वस्तू घेणारी एक जागा असल्याचं दादाला कळलं. टीव्ही ऑटोत घातला तर बाबा आपण होऊन शेजारी बसले, त्याच्यावर हात ठेवून. ती एक लांबलचक पत्र्याची शेड होती. आत ओळीनं डब्बा टीव्ही लावलेले, एकावर एक, सगळ्यांची तोंडं दाराकडं. दार उघडलं तसा उजेड आत गेला आणि त्या सगळ्या काचांत आम्ही तिघं उभे दिसलो. कोणाच्या माथ्यावर अजून क्रोशाचं झाकण होतं. कोणाच्या काचेवर बाळकृष्णाचं चिकटवलेलं चित्र. मी मनात म्हटलं, किती घरांतल्या किती दुपारी इथं येऊन गप्प बसल्यात.

बाबांनी तिथल्या माणसाला विचारलं, फोडता काय? तो म्हणाला, नाही काका, खोलतो. तांबं वेगळं, प्लास्टिक वेगळं, काच वेगळी. आणि काचेचं पुढं काय होतं? ती पुढं जाते, तो म्हणाला. पुढं म्हणजे कुठं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि त्यानं तसं सरळ सांगितलं. बाबांनी मान हलवली. निघताना त्यांनी टीव्हीला हात जोडले नाहीत. मला वाटलं होतं जोडतील.

पाण्याचा निकाल आला. शिसं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी फोनवर दोनदा सांगितलं, पाणी प्यायला चांगलं आहे. नव्यानं भरलेल्या विहिरीचंही तपासून घेतलं, तेही चांगलं. वहिनीनं जार दुकानदाराला परत केला. दादानं विहीर बुजवायचं नाव टाकलं. सगळे पुन्हा विहिरीचं पाणी प्यायला लागले.

बाबा नाही. ज्या दिवशी मी सांगितलं त्या दिवसापासून त्यांनी बोअरचं खारं पाणी धरलं होतं. जारचंही प्यायले नाहीत. निकाल आल्यावर दादानं तो वाचून दाखवला, तर म्हणाले बरं झालं. तुम्ही प्या. मी उद्या पिईन. मी फोनवर विचारायचे, तर मलाही तेच, उद्या. मी चिडायचे. म्हणायचे, आता हट्ट कशाचा, काही निघालं नाही ना पाण्यात? ते म्हणायचे, निघालं नाही ते तिचं नशीब, टाकलं तर मीच होतं ना. त्यांचं तोंड आलं. पोट बिघडायला लागलं. वहिनी रोज त्यांचा पितळी गडवा बोअरच्या नळाखाली भरून त्यांच्या खाटेजवळ ठेवायची आणि रोज मला फोन करून सांगायची की मामाजी वाळून चालले.

मग तिचे ते फोन थांबले. मला वाटलं, तीही थकली असेल.

श्रावणात मी गेले. विहीर तुडुंब होती, हात खाली केला तर पाण्याला लागेल एवढी. बाबांचा चेहरा पाहून मला बरं वाटलं, गाल जरा भरले होते. स्वयंपाकघरात मी वहिनीला विचारलं की डॉक्टरकडे नेलं होतं का? तिनं दाराकडं पाहिलं आणि पुटपुटली, "मामाजीच्या गडव्यात गोडंच भरून राहिली मी. कवाचीच. सांगजो नोको." गडवा ती अजूनही बोअरच्या नळाखालीच धरायची, बाबांना दिसेल असा. आत आल्यावर ओतून द्यायची आणि माठातलं भरायची. हे सांगताना तिचे कान लाल झाले होते. आपण फार मोठी लबाडी करतोय असं तिला वाटत होतं.

जेवायला आम्ही सगळे ओसरीत बसलो. बाबांनी गडवा उचलून तोंडाला लावला आणि हळूहळू प्यायले, मध्ये थांबून, पुन्हा प्यायले. मी आणि वहिनी ताटात पाहत होतो.

"खाऱ्याची बी सवय होते बाई," ते मला म्हणाले. "आता तं गोडच लागून राह्यलं."

वहिनीचा हात पोळीवर थांबला. मी बाबांकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहत नव्हते, माझ्याकडेही नाही. जन्मल्यापासून ज्यांच्या घशाखालून तेच पाणी उतरलं त्यांना ते ओळखू आलं नसेल? पहिल्याच दिवशी, पहिल्याच घोटाला ओळखलं असणार त्यांनी.

त्यांनी गडवा रिकामा केला आणि वहिनीच्या पुढं सरकवला.

"दे अजून थोडं खारं."